मनातली फेरी

माझा नवरा जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या चालवायचा आणि घरी यायचा आमच्या जुन्या स्कूटरवरून, तेही रस्त्याच्या कडेकडेने. लोकांना त्याची गंमत वाटायची, मला नाही. ज्याला वेग काय असतो ते ठाऊक आहे तो भाजी आणायला जाताना वेग उधळत नाही. त्याची धाकटी बहीण हर्षदा मात्र वेगळ्याच मातीची. साताऱ्यात दातांची डॉक्टर, हात सोन्यासारखा, पण गाडी चालवायची ती कायम ब्रेकवर पाय ठेवून. मागचे हॉर्न वाजवून दमायचे. "आमची हर्षू जन्मली तेव्हाच तिचा पाय ब्रेकवर होता," असं इंद्रजित म्हणायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

इंद्रजित निकम, टेस्ट ड्रायव्हर. आणि मी स्वरूपा, त्याच ट्रॅकच्या कंट्रोल रूममध्ये बसून गाडीतून येणारे आकडे आणि आलेख वाचणारी इंजिनियर. साताऱ्याच्या वर, पवनचक्क्यांच्या सड्यावर, आमच्या कंपनीने हा ट्रॅक बांधला होता. सडा म्हणजे नुसता कातळ, झाड औषधाला नाही, आणि वारा असा की डबा उघडला तर पोळी उडायची. आमचं लग्न जमलं तेही तिथेच, त्या वाऱ्यात एकमेकांचे कागद पकडताना.

ट्रॅकवर एक जागा होती. लांब सरळ पट्टी संपता संपता रस्ता एकदम चढायचा आणि पलीकडचं काही दिसायच्या आत उजवीकडे वळून खाली उतरायचा. त्याला सगळे टेकाड म्हणायचे. टेकाडाच्या माथ्यावर गाडी हलकी होते, चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असतात. तिथे ब्रेक दाबला तर गाडी भोवऱ्यासारखी फिरणार आणि रेस तशीच ठेवली तर उडणार. करायचं ते एवढंच, की माथा यायच्या आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलायचा. नव्या ड्रायव्हरला चहाच्या आधी ही गोष्ट सांगितली जायची.

आता पिकअपबद्दल. पाय दाबल्यावर गाडी किती चटकन उसळते त्याला पिकअप म्हणतात, हे पानटपरीवरही माहीत असतं. पण त्या चटकनच्या पोटात बरीच मंडळी रांगेत उभी असतात. टर्बो इंजिनात पाय दाबला की आधी जळलेल्या वायूचा झोत वाढतो, त्या झोताने टर्बोचा पंखा वेग घेतो, मग तो हवा कोंबतो आणि मग कुठे ताकद येते. यात अर्धा सेकंद सहज जातो. हायब्रिड गाडीत तो खड्डा विजेची मोटर भरून काढते, कारण मोटरला दम घ्यावा लागत नाही. म्हणून एकेक करत सगळ्या हायपरकार, म्हणजे या अतिवेगवान गाड्या, हायब्रिड झाल्या आणि कंपन्या सेकंदाच्या हजाराव्या भागावरून एकमेकींच्या झिंज्या ओढू लागल्या. शेवटी गाडीत छाटण्यासारखा उशीर उरलाच नाही. उरला होता तो माणसात.

आमचे मुख्य संशोधक डॉ. केळुसकर यांनी तोच छाटायला घेतला. आपण पाय हलवतो त्याच्या बऱ्याच आधी मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू झालेली असते. आपल्याला वाटतं की आत्ता ठरवलं, पण आत सगळी तयारी होऊन बसलेली असते. डोक्याला लावायची एक पातळ पट्टी ती तयारी ऐकायची आणि पाय हलायच्या आत मोटरला कळवायची. या यंत्रणेचं नाव चाहूल. आमच्या 'शरभ' गाडीचा पिकअप त्यामुळे शून्याच्याही खाली गेला होता. गाडी आधी निघायची आणि पाय मागून पोचायचा.

अडचण एवढीच, की माणूस जे करायला निघतो ते सगळं करत नाही. हात उगारतो आणि खाली घेतो, शब्द ओठांवर आणतो आणि गिळतो. ही माघार अगदी शेवटच्या क्षणाला घेतली जाते. कुठला हेतू पक्का आणि कुठला गिळला जाणार, हे चाहूलला शिकवायचं होतं. शिकायला तिला हजारो फेऱ्या हव्या होत्या, आणि शरभचे टायर तर सकाळी घातले की दुपारी फेकायच्या लायकीचे होत.

इथे आमच्या ट्रॅकवरची एक जुनी सवय केळुसकरांच्या उपयोगी पडली.

फेरीला निघण्याआधी प्रत्येक टेस्ट ड्रायव्हर ती फेरी आधी मनात मारतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, हातात हवेचं स्टिअरिंग धरायचं आणि सुरू. पाय जमिनीवर दाबले जातात, मान वळणावर कलते. इंद्रजित मांडीवर स्टॉपवॉच ठेवून हे करायचा, आणि मनातल्या फेरीची वेळ खऱ्या फेरीच्या वेळेच्या इतकी जवळ यायची की पाहुणे तोंडात बोटं घालायचे. त्याची एक खूणही होती. उजव्या वळणाआधी त्याचा पाय जमिनीवर दोन हलके ठोके द्यायचा. त्याच्या वडिलांच्या जीपचं इंजिन उजव्या वळणावर बंद पडायचं, म्हणून आधी दोनदा रेस द्यावी लागे. जीप भंगारात गेली, ठोके राहिले. इतक्या महागड्या गाडीतही तो ते द्यायचाच.

"साहेब पूजेला बसल्यात, गप ऱ्हावा जरा," असं टायर बदलणारे बाबर मामा आम्हाला दटावायचे.

"मनात फेरी मारताना मेंदूत जवळपास तीच जुळवाजुळव होते जी खऱ्या फेरीत होते," केळुसकर एका मीटिंगमध्ये म्हणाले. "मग टायर कशाला जाळायचे? इंद्रजित, तुम्ही खुर्चीत बसा. पट्टी लावा. हव्या तितक्या फेऱ्या मारा. चाहूल त्यातून शिकेल. पुढे ज्या ज्या गाडीत ती बसेल त्या सगळ्यांचा पाया तुमचा असेल."

इंद्रजित लाजला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. नंतरचे कित्येक आठवडे तो खुर्चीत बसून फेऱ्या मारत होता आणि मी समोर बसून त्याच्या डोक्यातली गाडी पडद्यावर पळताना बघत होते. खऱ्या फेऱ्या मूठभर, मनातल्या ढीगभर.

मग केळुसकरांनी पट्टी घरीही लावायला सांगितली. रोजच्या हालचालीतून चाहूलला त्याची माघार ओळखता यावी म्हणून. पट्टीला कानाजवळ एक बारीक हिरवा दिवा होता. आत हालचालीची जुळवाजुळव झाली की तो लागायचा.

पहिले दोन दिवस आम्ही पोरांसारखे खेळलो. जेवताना दिवा लागला की मी ओळखायचे आणि त्याचा हात हलायच्या आत ठेच्याची वाटी पुढे करायचे. तो हसायचा. "बायको असावी तर अशी," म्हणायचा. मग त्याने हात पुढे करणंच सोडलं. मीही त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं, कानाकडे बघायला लागले.

एके दिवशी दिवा लागला, मी ठेचा पुढे केला, आणि तो म्हणाला, "मला नको होता."

"दिवा लागला होता."

"लागला असेल. मग मी बेत बदलला."

"बेत बदलायला तुला वेळ कुठे होता? मी लगेच दिला."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि वाटी हळूच परत सरकवली.

मी रागावले. दिवसभर राबून आल्यावर हे कसले नखरे, असं वाटलं. त्या रात्रीच्या जेवणात तो दिवा पुन्हा पुन्हा लागत आणि विझत राहिला, आणि इंद्रजित एक शब्द बोलला नाही.

*

तुलनेचा दिवस ठरला होता. समोर होती इटलीची 'ब्रिवाना', हायब्रिडच, पण पायाचं ऐकणारी जुन्या वळणाची. एका मोटार मासिकाचे दोन परीक्षक येणार होते. आधी दोन्ही गाड्यांचा पिकअप मोजायचा, मग ट्रॅकवर एकेक वेगवान फेरी. फेरफार होऊ नये म्हणून दोन्ही गाड्या एकाच माणसाने चालवायच्या, हा अशा चाचण्यांचा नियमच. तो माणूस अर्थात इंद्रजित.

आठवडाभर आधी त्याने शरभ पहिल्यांदा पूर्ण वेगाने टेकाडावर नेली. मी कंट्रोल रूममध्ये होते. गाडी माथ्यावरून गेली ती जरा जास्तच हलकी होऊन, पलीकडे उतरताना मागून सरकली, आणि त्याने ती कशीबशी सावरली. पिटमध्ये, गाड्या थांबायच्या जागी, आला तेव्हा त्याने हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"मी पाय उचलला," तो म्हणाला, "आणि गाडीने ऐकलं नाही."

केळुसकरांनी आलेख काढला. पडद्यावर तीन रेघा होत्या. पायाची रेघ खरंच खाली आली होती. चाहूलने वाचलेल्या हेतूची रेघ मात्र वर, पूर्ण रेसवर, ताठ. आणि गाडीची रेघ हेतूच्या मागोमाग, सावलीसारखी. थोडा वेळ तशीच राहून मग अनिच्छेने खाली उतरलेली.

"बघा," केळुसकर शांतपणे म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत, तोच त्यांचा धाक. "तुमचा हेतू पूर्ण रेसचा आहे. माघारीचा संकेत चाहूलला पक्का वाटलेला नाही. पाय दचकलाय, तुम्ही नाही."

"मी म्हणजे पाय नाही का?"

"इंद्रजित, तुमचं वय काय आता?"

खोलीतले सगळे आपापल्या मोबाइलकडे बघू लागले. टेस्ट ड्रायव्हरला वय विचारलं की त्याचा अर्थ एकच असतो.

संध्याकाळी घरी तो ओट्याला टेकून उभा राहिला. मी भात लावत होते.

"स्वरूपा, तू बघितलास ना आलेख? मी पाय उचलला होता."

"उचललास," मी म्हणाले. "पण तुला उचलायचा नव्हता."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मलाच ते कुणीतरी दुसरंच बोलल्यासारखं वाटलं. पण आलेख मी स्वतः वाचला होता. आकड्यांवर माझा विश्वास, त्यावर तर पोट चालतं. त्याने पट्टी काढली, फ्रिजवर ठेवली आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला. अंधार पडेपर्यंत पुसत होता.

*

तुलनेच्या दिवशी वारा कमी होता. पवनचक्क्या आळसावल्यासारख्या फिरत होत्या. ब्रिवानाची फेरी सकाळीच झाली. झकास झाली. परीक्षकांनी माना डोलावल्या. पायाखालची गाडी आणि पाय यांच्यात इतकं सख्य मी फार थोड्या वेळा पाहिलंय. टेकाडावर पाय उचलला, गाडी खाली बसली, वळली, गेली.

मग शरभची पाळी. तिचा पिकअप मोजला तेव्हा परीक्षकांपैकी एकाने यंत्र बिघडलंय समजून ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तोच आकडा, शून्याच्या खाली. केळुसकर दोन्ही हात मागे बांधून उभे होते आणि लहान मुलासारखे खूश होते.

टायर गरम होईपर्यंत इंद्रजित खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. मी त्याच्यासमोर उभी होते, पडद्याशिवाय. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी त्याच्या डोक्यातल्या आलेखाकडे न बघता त्याच्याकडे बघत होते. हात हवेत वळत होते. उजव्या वळणाआधी दोन ठोके. मग सरळ पट्टी आली असणार, कारण त्याचा पाय जमिनीत रुतला. आणि रुतलेलाच राहिला. मान उजवीकडे कलली, ओठांवर बारीक हसू आलं, पाय उचललाच नाही.

फेरी संपल्यावर मी विचारलं, "मनात टेकाडावर पाय उचलत नाहीस?"

"मनात?" तो हसला, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "मनात कशाला उचलू? मनात मी मरत नाही."

सगळं एकदम समोर उभं राहिलं. चाहूलने त्याला टेकाडावर हजारो वेळा पाहिलं होतं, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वेळी तो पाय न उचलता, हसत गेला होता. पाय उचलणारा इंद्रजित तिने पाहिला तो मूठभर वेळा. तिच्या लेखी खुर्चीतला निर्भय माणूस हाच खरा इंद्रजित. गाडीत बसलेला, पोटात भीती असलेला, घरी बायको असलेला माणूस म्हणजे मध्येच आलेली खरखर. ती खरखर दुर्लक्षित करायला आम्हीच तिला शिकवलं होतं.

मी त्याला सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उजळत गेला, आणि तेच मला सहन होईना. जीव धोक्यात आहे हे ऐकून माणूस सुखावतो कसा? पण तो सुखावला होता. आठवडाभर त्याला जे कुणीच मान्य करत नव्हतं ते मी मान्य केलं होतं.

"म्हणजे मी पाय उचलला होता," तो म्हणाला.

"होय. उचलला होतास आणि उचलायचाही होतास. चुकलं माझं."

मी त्याला ओढतच केळुसकरांकडे नेलं. परीक्षक पलीकडे चहा घेत होते. केळुसकरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हा त्यांचा गुण होता.

"तुमचं निरीक्षण बरोबर आहे," ते म्हणाले. "पण निष्कर्ष उलटा आहे. माणसाला मनातून जे हवं असतं ते त्याला भीती करू देत नाही. भीती म्हणजे तरी काय, शेवटचा उशीर. आपण तो काढतोय. आणि टेकाडावर शरभचं गणित पूर्ण रेसला बसतं, मी करून बघितलंय. काठावर, पण बसतं."

"काठावर म्हणजे?" मी विचारलं.

"तरीही इंद्रजित नको म्हणाले तर मी आत्ता थांबवतो. परीक्षकांना सांगतो की ड्रायव्हरची तयारी नाही."

किती सभ्यपणे बोलले. दुसरा एखादा असता तर ओरडला असता, धमकी दिली असती, आणि इंद्रजितने हेल्मेट फेकून स्कूटर काढली असती. पण 'ड्रायव्हरची तयारी नाही' हे तीन शब्द त्या चहा पिणाऱ्या लोकांसमोर बोलले जाणार होते.

"मी जातो," इंद्रजित म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. "हे काय खूळ आहे? मी कंट्रोल रूममध्ये जाऊन लाल बटण दाबणार. सरळ पट्टीवरच दाबणार."

लाल बटणाने गाडीची सगळी ताकद तोडता यायची. ते माझ्या टेबलावर, उजव्या हाताशी असायचं.

"पट्टीवर दाबलंस तर सगळे म्हणतील बायको घाबरली," तो म्हणाला. "आणि मी पाय उचलला असता की नाही हे कुणालाच कळणार नाही. मलाही नाही. मी माथ्याच्या बराच आधी उचलतो, सगळ्यांना दिसेल असा. गाडीने ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर दाब. पण माझा पाय उठायच्या आधी नको, स्वरूपा. एकदा तरी पायाचं ऐका."

मी हो म्हणाले. त्या घडीला त्याला दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

फेरी सुरू झाली. पहिल्या वळणापासूनच शरभ ब्रिवानाच्या पुढे होती. परीक्षक माझ्या मागे उभे राहून चकचक आवाज काढत होते. गाडी वळणातून बाहेर पडायची ती जणू वळणाला ती आधीच ठाऊक असल्यासारखी. माझं लक्ष फक्त पायाच्या रेघेवर होतं आणि बोट बटणावर. उजव्या वळणाआधीचे दोन ठोके रेघेवर उमटले. मग सरळ पट्टी.

पायाची रेघ खाली आली. बराच आधी, मुद्दाम, पूर्ण खाली. तो बोलल्याप्रमाणे वागला होता. हेतूची रेघ हललीसुद्धा नाही. गाडीची रेघ हललीसुद्धा नाही.

मी दाबलं. पण डोळ्यांनी बघितलेलं बोटापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो मलाही लागलाच, आणि त्या वेळात शरभ पट्टीचा उरलेला तुकडा ओलांडून माथ्यावर पोचली होती. ताकद तुटली तेव्हा ती हवेत होती.

खिडकीतून मला ती टेकाडाच्या वर उचललेली दिसली, चारही चाकं मोकळी. मग ती पलीकडे गेली. आवाज नंतर आला.

*

इंद्रजित वाचला. डॉक्टरांनी उजवा घोटा खिळ्यांनी जोडला, पण तो पुन्हा वळणार नाही असं सांगितलं. म्हणजे ज्या पायाचं कुणी ऐकलं नाही तोच गेला.

कंपनीने चौकशी केली. मी तिन्ही रेघा मांडल्या, मनातल्या फेऱ्यांचं सगळं समजावून सांगितलं. समितीतले लोक सज्जन होते, त्यांनी सहानुभूतीने ऐकलं. निष्कर्ष असा निघाला की अपघाताच्या क्षणी ड्रायव्हरचा हेतू पूर्ण रेसचा असल्याचं स्पष्ट दिसतं, आणि यंत्रणेने त्या हेतूचं अचूक पालन केलं. माझ्या नवऱ्याच्या विरोधात साक्ष त्याच्याच डोक्याने दिली होती. मासिकात लेख आला. ट्रॅकवर टेकाडापर्यंत शरभ पुढे, पिकअपला तर जगात तोड नाही, आणि ड्रायव्हर लवकर बरा होवो अशी शुभेच्छा.

मी राजीनामा दिला आणि साताऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवू लागले. इंद्रजित काठी घेऊन घरातल्या घरात फिरायचा. आम्ही जेवायला समोरासमोर बसायचो, आणि मी ठेचा पुढे करायच्या आधी तो मागेपर्यंत थांबायचे. तो मागायचाही. हळूहळू आम्हाला पुन्हा एकमेकांशी बोलता यायला लागलं. डोळे मिटून बसणं मात्र त्याने सोडलं. दुपारी झोपतानाही तो छताकडे बघत पडायचा.

वर्ष उलटलं आणि हर्षदाने नवी गाडी घेतली. आपली साधी, घरगुती, पाच माणसांची हायब्रिड. आतेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा महाबळेश्वरच्या बाजूला होता, तर म्हणाली, चला, मीच नेते. मी पुढे तिच्या शेजारी बसले. इंद्रजित मागे, पाय सीटवर लांब करून.

मेढा मागे पडलं आणि घाट सुरू झाला. हर्षदा चालवत होती आणि मला पटत नव्हतं. जिच्या मागे लोक हॉर्न वाजवून दमायचे ती वळणांमागून वळणं घेत होती, न थबकता, गप्पा मारत.

"वहिनी, माझी तर भीतीच गेली," ती म्हणाली. "महिना झाला, ब्रेकला पाय लावला नाही. पाय नुसता उचलायचा, मोटरच गाडी आवरते. आणि उचलायचीही वेळ येत नाही फारशी. मला काय हवंय ते तिला आधीच कळतं."

"तिला कसं कळतं?"

"अगं, या डोकं टेकायच्या उशीतच काहीतरी असतं म्हणे. नवीनच आलंय."

मी वळून इंद्रजितकडे बघणार, एवढ्यात एक उजवं वळण आलं. वळणाच्या जरा आधी गाडीने दोन हलके धक्के दिले. एक, आणि लगेच दुसरा. मी हर्षदाच्या पायाकडे बघत होते. तो हलला नव्हता.

"हे तू केलंस?" मी विचारलं.

"काय?"

"आत्ताचे दोन धक्के."

"ते होय? नाही गं, ती करते तसं. प्रत्येक उजव्या वळणाआधी. मी शोरूममध्ये विचारलं तर म्हणाले, बिघाड नाही मॅडम, सगळ्याच गाड्या करतात."

मागून काठी खाली पडल्याचा आवाज आला. इंद्रजित उठून बसला होता, दोन्ही हातांनी माझी सीट धरून.

"हर्षू, गाडी बाजूला घे."

"दादा, घाटात कुठे घेऊ? एवढा चढ संपू दे."

"आत्ता घे!"

"अरे पण झालं काय?"

"स्वरूपा," तो म्हणाला, आणि त्याचा श्वास माझ्या मानेवर लागला, "ही गाडी मी चालवतोय."

समोर रस्ता सरळ वर चढत गेला होता आणि माथ्यावर उजवीकडे वळून नाहीसा झाला होता. पलीकडून एखाद्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. गाडीने दोन हलके ठोके दिले. हर्षदाने पाय उचलला. मी पाहिलं, चांगला पूर्ण उचलला. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. तिचा पाय डावीकडे ब्रेक शोधू लागला, महिनाभर न वापरलेल्या जागी, आणि माझा उजवा हात आपसूक पुढे गेला.

तिथे बटण नव्हतं.